लहान मुलांचा दवाखाना चांगला चाललाय, हे मोजायचं कशानं?

तापीकाठची डॉक्टर (चोपडा):

अकरा वर्षं झाली, चोपड्यात लहान मुलांचा दवाखाना चालवतेय. पावसाळ्यात दिवसाला ऐंशी-नव्वद पोरं, एरवी चाळीस-पन्नास. बाजाराच्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा-बारेला लोक येतात. बाकी केळीवाले, कापूसवाले, मास्तर, पोलीस, सगळेच.

मागच्या महिन्यात कंपाउंडरनं मोबाइल समोर धरला. "मॅडम, नेटवर आपल्याला ४.८ तारे झाले." मीही खूश. रात्री जेवणं आटोपल्यावर एकेक वाचायला घेतलं. एकाला बाहेरची माशांची टाकी आवडली. एकाला गाडी लावायला जागा मिळाली. "एकाच डोसात ताप उतरला" असं तिघांनी लिहिलंय (तो व्हायरल ताप, तिसऱ्या दिवशी माझ्याशिवायही उतरला असता). आणि एकच तारा देणाऱ्या गृहस्थांची तक्रार काय, तर "सुई मारी नही, नुसती पुडी दिनी". त्या पोराला सुईची गरजच नव्हती. म्हणजे माझ्या बरोबर निर्णयाला एक तारा आणि माशांना पाच.

झोप लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी आषाढ-श्रावणातले केसपेपर काढले. पाच वर्षांखालची, खोकला-ताप घेऊन आलेली पोरं. गठ्ठ्यातून न बघता साठ कागद ओढले. तीनच गोष्टी बघायच्या ठरवल्या. वजन लिहिलंय का, श्वास मोजून आकडा लिहिलाय का, आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर का दिलं याचा एखादा तरी शब्द आहे का.

वजन ५१ कागदांवर. बरं वाटलं. श्वास १४ कागदांवर. चौदा! त्यातही नऊ कागदांवर आकडा बरोब्बर ४०. नऊ वेगवेगळी पोरं मिनिटाला नेमके चाळीस श्वास घेतायत, ना एकोणचाळीस ना एक्केचाळीस. ते काही घड्याळ बघून लिहिलेलं नाही, अंदाजपंचे आहे. अँटिबायोटिक ३३ जणांना, कारण लिहिलेले ८.

बरं, मला हे येत नाही असंही नाही. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद, न्यूमोनियाची शंका घ्यायची. पोर शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा. झोपेतून उठवून विचारा, सांगेन. आशाताईंच्या ट्रेनिंगला हेच शिकवून आलेय मी.

त्याच आठवड्यातली गोष्ट. नऊ महिन्यांची मुलगी, नाक वाहतंय, माझ्या पेनाकडे बघून हसतेय. आजी म्हणाली, "पोर दूध पेस नही वं माय, दोन दिन व्हयनात." स्टेथोस्कोप लावला, फार काही वाटलं नाही. एरवी सर्दीचं लिहून पाठवली असती. पण त्या साठ कागदांची लाज ताजी होती. आईला म्हटलं, छातीशी घे, झबलं वर कर. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल कधीचा संपलेला, म्हणून कंपाउंडरचं मनगटातलं मागून घेतलं. वीस सेकंदांत ती रडायला लागली, पुन्हा शून्यापासून. कुणीतरी दार लोटून "मॅडम, अजून किती वेळ?" पुन्हा शून्यापासून. तिसऱ्यांदा पूर्ण मिनिट मिळालं. ५८. आणि झबलं वर होतं म्हणूनच दिसलं, फासळ्यांच्या खालची कडा श्वासाबरोबर आत ओढली जात होती. या एका मिनिटाला पाच मिनिटं गेली, तेवढ्यात बाहेर दोघांनी कंपाउंडरशी भांडण काढलं. मुलगी बरी झाली, ते वेगळं.

प्रश्न असा. मधुमेहाच्या डॉक्टरला साखरेचा आकडा असतो, बीपीवाल्याला बीपीचा. माझ्याकडची बहुतेक पोरं काहीही दिलं, काहीच नाही दिलं, तरी बरी होतात. मग "बरं झालं" हे माझं श्रेय कसं धरायचं? दवाखान्यात मोजायचं तर नक्की काय? मला कुणाला रिपोर्ट द्यायचा नाही, सर्टिफिकेट लावायचं नाही. माणसं दोन: मी आणि कंपाउंडर. कॉम्प्युटर नाही, सांगू नका घ्यायला.

निवृत्त आरोग्य सहाय्यिका (शिरपूर):

मॅडम, बत्तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली. आधी एएनएम (नर्सताई), मग सहाय्यिका. आमच्याकडे मोजमापाची काय कमी! सरकारी केंद्रांना राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची तपासणी असते. बाहेरून आलेले तपासनीस चार वाटांनी बघतात: स्वतः डोळ्यांनी बघणं, कर्मचाऱ्याला विचारणं, रजिस्टर तपासणं आणि पेशंटला विचारणं. प्रत्येक मुद्द्याला ०, १ नाहीतर २ गुण. प्रमाणपत्राला ७० टक्के लागतात. पद्धत चांगली आहे, मी तिची चेष्टा करणार नाही. आमच्या एका केंद्रात हात धुवायच्या बेसिनला नळ बसला तो या तपासणीमुळेच, त्याआधी आठ वर्षं आम्ही अर्ज करत होतो.

पण रजिस्टरवर फार जीव टाकू नका. लसींच्या आयएलआरचं (लसी ठेवायच्या फ्रीजचं) तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, २ ते ८ अंशांत राहायला हवं. एका ठिकाणी मी तपासायला गेले तर महिनाभर सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४, ४. मे महिना, बाहेर ४५ अंश, दोनदा सहा-सहा तास लाइट गेलेली, तरी ४. रविवारीही ४. शाईसुद्धा एकच, एका बैठकीत लिहिलेलं. तुमच्या नऊ चाळिसांसारखंच की हो! मी त्या मुलीला रागावले नाही. आकडा ८ च्या वर गेला की नोटीस, मग ती खरं लिहील कशाला?

दुसरं, आणि माझ्या मते हेच मोठं. तुम्ही आलेली पोरं मोजताय. जी आलीच नाहीत त्यांचं काय? आमचं लसीकरण कागदावर १०० च्या वर जायचं. कारण किती बाळं जन्मणार याचा अंदाज वरून यायचा आणि प्रत्यक्षात तेवढी नसायची. आणि त्याच वेळी पाड्यावरची बाळं सुटलेली असायची. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला, गुजरातला जातात, ती होळीला भोंगऱ्याच्या बाजाराला परत. सहा आठवड्यांची पेंटा (पाच आजारांची एकत्र लस) घेतली, दहा आणि चौदा आठवड्यांची राहिली ती राहिलीच. म्हणून आम्ही एक साधा हिशेब ठेवायचो: पेंटाचा पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसरा किती जणांनी घेतला नाही. शंभरात दहाच्या वर गेले की काहीतरी बिघडलंय. याला वरून आलेला अंदाज लागत नाही, दोन्ही आकडे आपल्याच वहीतले. हे तुम्हालाही जमेल.

आणि आईला उलट विचारा. "समजलं का?" असं नाही, त्याला सगळ्या मान हलवतात. "घरी गेल्यावर कसं करशील ते करून दाखव" म्हणा. टेबलावर जुलाबाच्या ओआरएसचं पाकीट आणि तांब्या ठेवा. बघा काय होतं ते.

धरणगावचा बाप:

डॉक्टर बाई, आम्हा आईबापांचं मोजमाप सांगू? माझी पोरगी चार वर्षांची. आजवर तीन डॉक्टर केले. पहिला चांगला वाटायचा कारण दुकानातून औषधांची पिशवी भरून यायची. आता ज्यांच्याकडे जातो ते एकच औषध देतात आणि एका कागदावर लिहून देतात: दूध-पाणी बंद झालं, सगळं उलटून पडायला लागलं, झटका आला किंवा पोर उठवूनही उठेना, तर रात्री दोन वाजता या. एकदा खरंच रात्री गेलो. आमच्या हिला वाचता येत नाही, पण त्यांनी तिच्याकडून चारही गोष्टी बोटांवर म्हणवून घेतल्या होत्या, म्हणून तिनंच ओळखलं, मी तर झोपलो होतो. तेव्हापासून मी तारे-बिरे बघत नाही. तुमचे मासे मात्र बघायला आवडतील.

आकडेमोड्या (मूळचा धुळ्याचा, हल्ली पुण्यात):

डॉक्टर, माझा पोटापाण्याचा धंदाच आरोग्याचे आकडे तपासण्याचा आहे. तुमचा प्रश्न जुना आहे आणि अजून सुटलेला नाही.

डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये याची तीन भागांत फोड केली, तीच आजही चालते: साधनं काय आहेत, काम कसं झालं, परिणाम काय झाला. तारे यातल्या कशातच नीट बसत नाहीत. साधनं मोजणं सगळ्यात सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. तुमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे, तपासणीत त्याला पूर्ण गुण. सेल नाही, ही गोष्ट वेगळी! परिणाम मोजणं मुलांच्या बाबतीत फसवं, कारण तुम्हीच लिहिलंय ते. वर आणखी एक पाचर: परिणामावरून डॉक्टर तोलायला लागलात की गंभीर पोर हाताला लागताच जळगावला पाठवणारा उत्तम ठरतो. म्हणून तुमच्यासारख्या लहान दवाखान्यानं मधलं धरावं, काम कसं झालं ते. आणि ते तुम्ही न सांगता धरलंच आहे.

लाज वाटून घेऊ नका असं नाही म्हणत, पण सोबत कोण आहे ते बघा. अमेरिकेत २००७ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बारा शहरांतल्या मुलांचे दवाखान्यातले कागद १७५ कसोट्यांवर तपासले. मुलांना जे मिळायला हवं होतं त्यातलं मिळालं ४६.५ टक्के. आजारी पडल्यावरचं काम बरं होतं, ६७.६, आजार होऊ नये म्हणून करायचं काम ४०.७. त्या देशात, तेवढ्या पैशात. नंतर २००९ च्या कायद्यानं त्यांनी मुलांसाठी वेगळ्या मोजमापांचा संच ठरवायला लावला, कारण तोवरची बहुतेक मोजमापं मोठ्यांची होती. तिकडे नेहमी मोजतात त्यातली तीन सांगतो: पहिल्या पंधरा महिन्यांत निरोगी बाळाच्या किमान सहा तपासण्या, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत लसी पूर्ण, आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक न देणं. तिसरं तुमच्या कामाचं. तिकडे ते विम्याच्या बिलांवरून काढतात. आपल्याकडे पुडी डॉक्टरच देतो, तेव्हा कागद हाच पुरावा.

"मला येतं पण करत नाही" यालाही अभ्यासाची साथ आहे. बिहारच्या खेड्यांत आधी डॉक्टरांना आणि डॉक्टरकी करणाऱ्यांना तोंडी विचारलं, जुलाब झालेल्या मुलाला काय द्याल? मग त्यांच्याकडेच खोटे पेशंट पाठवले, मुलाची तक्रार घेऊन आलेले पालक म्हणून. तोंडी ओआरएस सांगणारे पुष्कळ, प्रत्यक्षात देणारे फार थोडे. हे २०१५ मध्ये छापून आलं. देशभरच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतही जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली ६०.६ टक्के आणि झिंक मिळालेली ३०.५ टक्के. झिंक चौदा दिवस द्यायचं असतं, महागही नाही, तरी.

आता एक सावधगिरी. साठांत चौदा म्हणजे २३ टक्के, पण साठच कागद असल्यानं खरा आकडा १३ ते ३४ मध्ये कुठेही असू शकतो. पुढच्या महिन्यात सतरा आले म्हणून पेढे वाटू नका आणि अकरा आले म्हणून डोकं धरू नका. दर शनिवारी दहा कागद ओढा, न निवडता, आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्या. मधली रेषा मारा, निम्मे ठिपके वर, निम्मे खाली. ओळीनं सहा ठिपके रेषेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरंच बदललं असं धरायचं. पेन्सिल पुरते, कॉम्प्युटर घेऊ नका.

आणि हो, अँटिबायोटिक मोजायला लागलात की तुमचा हात "सर्दी" ऐवजी "ब्राँकायटिस" लिहायला लागेल, म्हणजे ते अँटिबायोटिक सर्दीच्या खात्यात मोजलंच जाणार नाही. सगळ्यांचाच लागतो.

भुसावळचा एमडी:

हे सगळं ठीक. पण नव्वद पोरं असताना प्रत्येकी पूर्ण मिनिट मोजलं तर दीड तास नुसता मोजण्यात जाईल. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत डॉक्टर पेशंटला सरासरी ३.६ मिनिटं देतात असा अभ्यास सगळे नाकं मुरडत सांगतात. आमच्याकडे साथीत तेवढीही मिळत नाहीत. मोजणारे पुण्यात बसतात, रांग इथे असते.

तापीकाठची डॉक्टर (चोपडा):

दहा आठवड्यांनी लिहितेय. ताई, आकडेमोडे, धरणगावकर, आभार. भुसावळच्या सरांचंही, कारण त्यांचं म्हणणं मला पहिल्याच आठवड्यात पटलं. नव्वद पोरांचे श्वास मोजत नाही. खोकला किंवा जलद श्वास ही तक्रार असेल तरच मोजते, आणि मोजणं कंपाउंडरकडे दिलंय, बाहेरच, आईच्या मांडीवर पोर शांत असताना. माझ्यासमोर आलं की ते रडतंच. घड्याळात सेल घातला आणि ते बाहेरच्या भिंतीवर, माशांच्या टाकीच्या वर लावलं. पोरं माशांकडे बघत गप्प बसतात, तेवढ्यात मोजून होतं. त्या पाच ताऱ्यांचा असा उपयोग झाला.

शनिवारचे ठिपके, दहापैकी किती कागदांवर श्वास लिहिलाय: ३, ५, ८, ७, ९, ४, ८, ९, ९, ८. तो ४ डेंग्यूच्या धांदलीचा आठवडा, कंपाउंडर स्वतःच तापानं पडला होता. सलग सहा अजून जमलेले नाहीत. पण बरोब्बर ४० आता क्वचित दिसतो. ३७, ४३, ५२ असे वेडेवाकडे आकडे येतात, ते बघून मला बरं वाटतं.

अँटिबायोटिकचं आकडेमोड्यांनी सांगितलं तसंच झालं. तिसऱ्या शनिवारी दहापैकी तिघं "ब्राँकायटिस". आधीच्या साठांत दोन होते. पोरं तीच, खोकला तोच. खोडून सर्दी लिहिलं.

तांब्याचं काय सांगू. जुलाबाच्या वीस आयांना टेबलावर तांब्या, पेला आणि ओआरएसचं मोठं पाकीट दिलं, एक लिटरवालं. "करून दाखव." चौघींनी अर्धं पाकीट पेल्यात ओतलं, उरलेल्याची घडी घालून कमरेला खोचली. एकीनं चिमटीनं मिठासारखं टाकलं. एक म्हणाली, साखर घालू का, कडू लागतं. बरोबर केलेल्या सात. पेल्याला इतकं दाट पाणी म्हणजे पोराला औषध नाही, उलट मिठाचा मारा. आणि या सगळ्यांच्या कागदावर माझ्या अक्षरात "ओआरएस दिलं, समजावलं" असं होतं. आता लिटरची खूण केलेली पाण्याची बाटली ठेवली आहे, त्यात एकदा करून घेते. मिनिटभर जातो.

आणखी एक गोष्ट केली. खोकल्याच्या पोरांना तिसऱ्या दिवशी फोन. चाळीस नंबर. अकरा लागलेच नाहीत. तीन नंबर गावातल्या किराणा दुकानदारांचे निघाले, दोन बापांचे, ते सुरतेला. लागलेल्यांत एक अडीच वर्षांचा मुलगा होता, यावलकडचा. माझ्या हिशेबी तो बरा झाला होता, कारण परत आला नव्हता. आजोबांनी फोन उचलला, म्हणाले, त्याला आम्ही जळगावला नेलं, तिथे चार दिवस ठेवला, आता घरी आहे. त्यांना राग नव्हता. "तुम्हनी चूक नही, बाई, रातले जास्त व्हयनं," म्हणाले. मी कागद काढून बघितला. श्वास: ४०.

ते न लागलेले अकरा रोज आठवतात. त्यांचं काय करायचं ते मला सुचत नाही. ताई, तुम्ही लसीकरणाला टिकलर बॅग वापरायचात ना, कार्डांचे तुकडे महिन्यांप्रमाणे लावायची? ती आम्हा खासगीवाल्यांना कुठे मिळते?

निवृत्त आरोग्य सहाय्यिका (शिरपूर):

मॅडम, विकत कशाला, शिंप्याकडून शिवून घ्या. जाड कापड, खिळ्याला अडकवता येईल अशी वर पट्टी. बारा महिन्यांचे बारा खिसे, डोस पूर्ण झालेल्यांचा एक, आणि गाव सोडून गेलेल्यांचा एक. तो शेवटचा जरा मोठा शिवायला सांगा.